झाडीपट्टीतली जाळी : अर्जुनी मोरगाव ते वडसा

शनिवार, अर्जुनी मोरगाव

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी सौंदड सोडून पुढे आली की रुळांच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात आणि अधूनमधून पाणी चमकतं. फाल्गुनाचे दिवस. धान कधीच घरात गेलंय, बांध्यांमध्ये लाखोळी वाळत आलीय, पळस पेटलाय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजानं त्यातले बरेच बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांकडे, राहिले आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. कागदावर माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. त्यांचं पाणी धानाला जातं आणि मासळी धरतात ती मुख्यतः ढिवर मंडळी, आता बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत.

पाहायची होती ती काठावरून चालणारी जाळी : उभ्यानं फेकायची, दोन्ही काठांवरून ओढायची, पायानं चालत ढकलायची. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या जाळ्यांची मापं माशावरून ठरतात असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. डोळा, म्हणजे जाळ्याचं एक भोक, केवढा ठेवायचा ते मासा ठरवतो. बाकी सगळं, म्हणजे लांबी, उंची, वजन, दोराची जाडी, हे तलावाचा तळ ठरवतो.

पहिला मुक्काम ढिवर मोहल्ल्यातल्या एका पडवीत. पडवीच्या खांबाला फेकजाळ्याचा शेंडा बांधलेला आणि विणकाम निम्म्यावर आलेलं. आता तयार जाळी बाजारात मिळतात, तरी हातानं विणणारी घरं अजून आहेत, कारण तयार जाळ्याचा घेर बहुतेक वेळा कमी असतो. घेर कमी म्हणजे सूत कमी, हा कारखान्याचा हिशेब. पाण्यावर मात्र असं जाळं पुरतं उघडत नाही.

हत्यारं दोनच. बांबूची सुई, वीतभर लांब आणि करंगळीपेक्षा अरुंद. मधल्या खाचेत एक जीभ ठेवलेली, तिच्याभोवती सूत भरायचं. दुसरी बांबूचीच चपटी पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंतचं अंतर. सव्वा सेंटिमीटरची पट्टी घेतली तर ताणलेला डोळा अडीच सेंटिमीटरचा होतो. पट्टी कोयत्यानं तासून झाली की काचेच्या तुकड्यानं गुळगुळीत करतात, कारण एक कुसळ राहिलं तरी दर गाठीला सूत अडकतं.

गाठ अशी : सूत पट्टीच्या पुढून खाली, मागून वर, आणि वरच्या ओळीतल्या डोळ्यातून सुई बाहेर. डोळा पट्टीच्या काठाला टेकेपर्यंत ओढायचं आणि डाव्या अंगठ्यानं तिथं दाबून धरायचं. मग सुताचा एक वेढा डावीकडे टाकून सुई डोळ्याच्या दोन्ही पदरांच्या मागून न्यायची, वेढ्यातून काढायची, आवळायची. सगळी मेख अंगठ्यात आहे. आवळताना तो सुटला तर गाठ डोळ्याच्या खाली उतरते. दिसायला ती बांधल्यासारखीच दिसते, पण भार आला की सरकते. एक डोळा मोठा, शेजारचा लहान, आणि मासा नेमका मोठ्यातून निघतो. म्हणून दर ओळ संपली की हात फिरवून प्रत्येक गाठ ओढून पाहतात. जुन्या सुती किंवा पिळाच्या नायलॉनला एकेरी गाठ पुरते. तंगूसला, म्हणजे एकाच तंतूच्या गुळगुळीत दोऱ्याला, ती पुरत नाही. तिथं वेढा दोनदा घ्यावा लागतो.

समोरच्या जाळ्याचा हिशेब सात हातांचा होता, म्हणजे उभं टांगलं तर सव्वातीन मीटरच्या आसपास. शेंड्याला दोराच्या कडीवर अठ्ठेचाळीस डोळे उचलायचे आणि गोल गोल विणत यायचं. दर चौथ्या ओळीला बारा डोळे वाढवायचे. वाढवणं म्हणजे ज्या डोळ्यात एकदा गाठ घातली त्यातच दुसऱ्यांदा गाठ घालून जादा डोळा सोडणं. पहिल्या वेळी दर चौथ्या डोळ्याला वाढ येते, पुढच्या वेळी दर पाचव्या, मग सहाव्या. त्यामुळे वाढीच्या बारा रेघा शेंड्यापासून काठापर्यंत सरळ उतरतात, आणि चूक झाली की रेघ तुटलेली लगेच दिसते. अशा दोनशे छप्पन्न ओळी झाल्या की खाली आठशे सोळा डोळे भरतात. डोळे चौकोनी उघडले तर या जाळ्याचा व्यास साडेचार मीटर आणि घेर चौदा मीटरच्या वर जातो. पाण्यावर सपाट पसरायला तेवढाच घेर लागतो. वाढ कमी घातली तर जाळं नरसाळ्यासारखं लांबट राहतं, कितीही जोरानं फेका, उघडत नाही. वाढ जास्त झाली तर काठाला चुण्या पडतात आणि वजनं एकमेकांत गुंततात.

एकूण गाठी एक लाख नऊ हजार. सरावाचा हात मिनिटाला दहा गाठी घालतो, तेव्हा कामाचे एकशे ऐंशी तास. रोज जेवणानंतर चार तास बसलं तर दीड महिना. शेवटच्या पाच-सहा ओळी दुप्पट जाड सुतानं विणतात, कारण तळाला घासतो तो हाच भाग.

मग वजनं. काठाच्या दोरीवर दर चार डोळ्यांमागे एक, म्हणजे चार-चार बोटांवर शिशाची एक नळी. अशा दोनशे चार नळ्या, प्रत्येकी बावीस ग्रॅम धरल्या तर साडेचार किलो. पूर्वी भाजलेल्या मातीचे मणी ओवत. माती पाण्यात आपलं निम्मं वजन गमावते, शिसं फक्त अकरावा हिस्सा. म्हणून मातीच्या मण्यांचं जाळं खांद्यावर जड लागतं पण पाण्यात सावकाश बसतं, आणि तेवढ्यात चपळ मासा निघून जातो. लोखंडी कड्या चालतात, पण त्या गंजतात आणि त्यांच्या कडेनं सूत कापलं जातं. शिशाची नळी दातांनी दाबून बसवायची सवय अनेकांना आहे. ती सोडायलाच हवी. शिसं विष आहे, आणि पक्कड प्रत्येक घरात असते.

शेवटी खिसे. काठ आतल्या बाजूला वळवून दर सहा नळ्यांमागे एक आखूड दोरी बांधतात. दोरी वीतभर, पण ती ज्या ठिकाणी वर बांधली जाते ते काठापासून हातभर अंतरावर. दोरी आखूड आणि जाळं लांब, म्हणून मधला भाग झोळीसारखा लोंबतो. असे चौतीस खिसे. जाळ्यात सापडलेला मासा वर जात नाही, तो खाली काठाशी वाट शोधतो आणि खिशात उतरतो. ही दोरी फार आखूड बांधली तर काठ तळापासून उचलला जातो. फार लांब ठेवली तर खिसाच होत नाही.

रविवार, गावतलाव

सकाळी वारा नसतो. फेकणारा सूर्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे सावली पाठीमागे पडते. पाण्यावर आधी सावली गेली तर तिथं जाळं टाकण्यात अर्थ नाही.

पाच-सहा मीटरच्या दोरीचं टोक डाव्या मनगटात. फास सैल असावा, हात झटकला की निघेल असा. खोल पाण्यात जाळं खुंटाला अडकलं आणि माणूस घसरला तर घट्ट फासाचं मनगट सुटत नाही. अंगात बटणांचा सदरा नको. एक डोळा बटणाला अडकला तरी जाळं माणसालाच ओढून नेतं. दोरीची वेटोळी डाव्या हातात, त्याच मुठीत जाळ्याचा वरचा निम्मा भाग. उरलेल्या निम्म्यातला एक तृतीयांश काठ डाव्या कोपरावर टाकायचा, बाकीचा उजव्या हातात समोर धरायचा. मग कमरेतून वळून उजवा हात आधी सोडायचा, कोपरावरचा भाग शेवटी आपोआप सुटतो. जोर खांद्याचा नाही, कमरेच्या वळणाचा. जाळं केळ्याच्या आकाराचं पडलं तर बहुधा उजव्या हातात कमी काठ घेतलेला असतो. एका बाजूला गोळा होऊन पडलं तर नळ्या गुंतलेल्या असतात. पुन्हा फेकण्याआधी सगळा काठ बोटांतून सरकवून मोकळा करायचा, झटकून नाही.

पाण्यावर पडल्यानंतर थांबणं हे फेकण्याइतकंच महत्त्वाचं. कमरेइतक्या पाण्यात तीन-चारपर्यंत मोजायचं, छातीइतक्या पाण्यात पाच-सहा. दोरी तोवर सैल. काठ तळाला टेकल्यावर सावकाश ओढायचं, म्हणजे नळ्या तळावरून घासत मध्ये येतात आणि तोंड बंद होतं. घाईनं वर खेचलं तर काठ उघडा असतानाच उचलला जातो. शेजारी उभा असलेला म्हातारा पोराला एवढंच सांगत होता, "हळूच वढ भाऊ, खालचा काठ उचलू नोको."

खोलीची मर्यादा ध्यानात ठेवावी. सात हातांचं जाळं छातीभर पाण्यात उत्तम काम करतं. दोन पुरुष खोल पाण्यात ते बुडता बुडताच आवळतं आणि तळाला पोचेपर्यंत घेर निम्मा राहतो. तळाला दगड किंवा खुंट असेल तर तेवढ्या जागी काठ उचललेला राहतो आणि हातभर फटीतून सगळी मासळी जाते. म्हणून जाणते फेकणारे उन्हाळ्यात, पाणी आटलेलं असताना, तलावाचा तळ चालून पाहून ठेवतात. कुठे खुंट, कुठे गाळ, कुठे मुरूम. पावसाळ्यानंतर त्याच माहितीवर ते उभे राहायची जागा निवडतात.

जागेवर मासा बोलवायला धानाच्या कोंड्याचे चिकणमातीत मळलेले गोळे आदल्या संध्याकाळी टाकतात. मोहाच्या बियांची ढेप यात चुकूनही मिसळू नये. तिच्यातला फेसाळ अंश माशांच्या कल्ल्यांवर मारा करतो. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातली शिकारी मासळी मारायला ती मुद्दाम वापरतात. खाऊ म्हणून टाकायची ती वस्तू नव्हे.

सोमवार, तुडुमाजवळ

तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, धानाला पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. फाल्गुनात तिथं उन्हाळी धानासाठी थोडंसं पाणी चालू असतं आणि पाटाच्या तोंडाशी बांबूचे सापळे पाहायला मिळतात. कामट्या बोटाच्या अर्ध्या जाडीच्या, दोन कामट्यांत करंगळी जाईल एवढी फट. तोंडाशी आत वळलेल्या टोकदार कामट्यांचं नरसाळं : आत जाताना त्या वाकतात, बाहेर येताना मिटतात. कामट्या ओल्या बांबूच्या केल्या तर वाळल्यावर फट वाढते, म्हणून बांबू आधी पाण्यात मुरवून सावलीत वाळवतात. तोंडाची दिशा हंगामाप्रमाणे. पाणी उतरताना मासा प्रवाहाबरोबर येतो, तेव्हा तोंड तलावाकडे. मृगाच्या पावसात मासा प्रवाहाविरुद्ध बांध्यांमध्ये चढतो, तेव्हा तोंड खालच्या बाजूला. या दुसऱ्या प्रकाराबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. चढणीचा मासा गाभोळी घेऊन अंडी घालायलाच निघालेला असतो. सगळ्या पाटभर सापळे मांडले की पुढच्या वर्षीची मरळ, शिंगी, मागूर त्या रात्रीच संपते. निम्मा पाट मोकळा ठेवणारी गावं आहेत आणि त्यांच्या तलावात फरक दिसतो.

पाटाच्या पलीकडे गुडघाभर पाण्यात बाया ढकलजाळं चालवत होत्या. दोन बांबू, प्रत्येकी चार-साडेचार हात, मुठीपाशी एकमेकांवर आडवे बांधलेले आणि पुढे पसरलेले. मध्ये एक आडवी काठी, म्हणजे कोन मिटत नाही. पुढची बाजू दोरीची, तळाला घासत जाणारी. बांबूची पुढची टोकं वर वाकवलेली असावी लागतात, नाहीतर ती चिखलात रुततात. गवताच्या कडेनं दहा-बारा पावलं ढकलायचं, एका पायानं गवत हलवायचं, आणि मूठ खाली दाबून पुढचं तोंड झटकन वर उचलायचं. झिंगे आणि बारीक मासळी यात येते. घराच्या कालवणाचा हा भाग जवळजवळ पूर्ण बायांच्या हातात आहे, आणि वनस्पती कुठे वाढली, कुठे गेली, याची बारीक खबरही त्यांच्याकडेच असते. अलीकडे अनेकींनी विणलेल्या जाळ्याऐवजी मच्छरदाणीचं कापड लावलंय. स्वस्त पडतं, पण त्यातून पाणी निघत नाही, म्हणून ढकलायला जड जातं, आणि नखाएवढं पिल्लूही सुटत नाही. सहा मिलिमीटरच्या डोळ्याचं जाळं झिंग्यांना पुरतं आणि पिल्लं गळून जातात.

मंगळवार, ओढजाळं

आजचं काम एकट्या घराचं नाही. ओढजाळ्याचा नियम साधा : लांबी पाण्याच्या रुंदीच्या दीडपट, उंची खोलीच्या दीड ते दोनपट. साठ मीटर रुंदीचा पट्टा ओढायचा तर नव्वद मीटर जाळं, आणि दोन मीटर पाण्याला तीन-चार मीटर उंची. सहा घरांनी पंधरा-पंधरा मीटरचे तुकडे आणले होते. काठावर ते एकमेकांना शिवले गेले. शिवण दर डोळ्याला घालतात. एक डोळा सोडून एक शिवलं तर भार आल्यावर तिथंच फाटतं. मधल्या दोन तुकड्यांचा डोळा अडीच सेंटिमीटर, दोन्ही पंखांचा चार-पाच, कारण पंख फक्त मासा वळवतात, पकडतो तो मधला भाग. पंखही बारीक डोळ्याचे केले तर पाण्याचा विरोध वाढतो आणि माणसं थकतात.

दोरीवर जाळं लावताना ते ढिलं लावायचं : एक मीटर दोरीला दोन मीटर ताणलेलं जाळं. ताठ लावलं तर पोट सुटत नाही आणि मासा भिंतीला धडकून परत फिरतो. वरच्या दोरीला दर हातावर तरंग. पूर्वी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड किंवा वाळका भोपळा, आता जुन्या चपलांच्या तळव्याचे तुकडे. चपलेचा तुकडा भोपळ्यापेक्षा बरा, कारण तो फुटत नाही; थर्मोकोल मात्र वर्षभरात भुगा होतो आणि तलावात पसरतो. खालच्या दोरीला दर हातावर पस्तीस ग्रॅमचं शिसं, म्हणजे नव्वद मीटरला सात किलो.

हे सात किलो कडक तळासाठी. गाळाच्या तलावात तीच दोरी चिखल कापत जाते, जाळ्यात गाळाचा डोंगर भरतो आणि दहा माणसांनी हलत नाही. तिथं शिसं काढून तणसाचा किंवा काथ्याचा मनगटाएवढा जाड वळ लावतात. जाड दोर गाळावरून घरंगळतो. तळाची ओळख नसताना जाळं भरलं की पहिला दिवस वाया जातो तो याच कारणानं.

तळाचे आणखी दोन शत्रू. शिंगाड्याची लागवड झालेल्या तलावात वाळलेल्या शिंगाड्याचे काटे गाळात राहतात. ते तळव्यात घुसतात आणि जाळं फाडतात. आणि बेशरम हे झुडूप. काठाला वाढलेलं बेशरम वरून कापलं तर खुंट पाण्याखाली तसेच राहतात, ते दिसत नाहीत, आणि जाळं चराचरा फाटतं. शिवाय कापून टाकलेला प्रत्येक तुकडा ओलीत पुन्हा फुटतो. उपटायचं तर उन्हाळ्यात, मुळासकट, आणि पाळीच्या पलीकडे कोरड्या जागी टाकायचं. पण सगळीच वनस्पती काढून तलाव बोडका करणं हाही उपाय नाही. मरळ गवतातच अंडी घालते आणि पिल्लं तिथंच राखते. ओढायचा पट्टा साफ ठेवावा आणि एक बाजू गवताला सोडावी.

ओढायला सुरुवात पाळीच्या बाजूनं. पाळीजवळ सर्वांत खोल पाणी असतं आणि घाबरलेली मासळी तिथंच धावते, म्हणून तो रस्ता आधी बंद करायचा. उतरायचा काठ निराळा : उतार मंद, दगड नाही, खुंट नाही. तो आदल्या दिवशी पायानं तपासतात. दोन्ही काठांवर सात-सात माणसं, मध्ये जाळ्यामागे दोघे पोहणारे. ते खालची दोरी अडकली की बुडी मारून सोडवतात आणि मधूनमधून पायानं दाबून बसवतात. चाल सावकाश, दोन-तीन श्वासांना एक पाऊल. चाल वाढली की पाण्याच्या रेट्यानं खालची दोरी वर उचलली जाते. वरून काहीच कळत नाही, जाळं काठाला लागल्यावर रिकामं निघतं. दोन्ही बाजू बरोबरीनं यायला हव्यात. एक बाजू दहा पावलं मागे राहिली की मासळी त्या बाजूनं वळसा घालून जाते. म्हणून एक जण पाळीवर उभा राहून फक्त तरंगांची रेघ बघतो आणि हाक देतो.

काठ पंधरा-वीस मीटरवर आला की खरी घाई सुरू होते, आणि इथंच बहुतेक चुका होतात. आधी खालची दोरी ओढायची, वरची मागे ठेवायची, म्हणजे जाळ्याचं पोट माशांच्या खालून पुढे येतं. त्याच वेळी चार-पाच जण वरची दोरी छातीपर्यंत उचलून धरतात, कारण उथळ पाण्यात रोहू आणि चंदेरा उड्या मारतात. कटला वरच्या थरात राहतो, म्हणून सापडतो. मृगळ तळाचा मासा. खालच्या दोरीखाली जरा फट दिसली की तोच आधी जातो. टोपलीत मृगळ कमी आणि कटला जास्त आला तर पुढच्या ओढीला खालची दोरी जड करायची, हे एवढ्यावरून कळतं. मरळ या जाळ्यात क्वचितच येते. ती गाळात डोकं खुपसून बसते आणि जाळं वरून जाऊ देते. तिच्यासाठी गळ किंवा आटत्या डबक्यात हात.

लहान मासळी जाळं पाण्यात असतानाच परत सोडायची. काठावर ओतून निवडत बसलं तर सोडलेलीही जगत नाही. उरलेल्याचे वाटे पडतात : माणशी एक, आणि ज्याचा तुकडा त्याला जाळ्याचा वेगळा. या जाळ्याच्या वाट्यातूनच सूत आणि शिसं येतं, म्हणून त्यावर कोणी कुरकुरत नाही.

बुधवार, वडसा

अर्जुनीहून गाडीनं वडसा जवळ आहे. वैनगंगा इथं रुंद आणि फाल्गुनात निम्मी रेती. नदीत दोन काठांवरून ओढणं जमत नाही, म्हणून एकाच काठावर काम चालतं. जाळ्याचं एक टोक काठावरच्या माणसांकडे. बाकीचं जाळं डोंग्यात घडी घालून ठेवलेलं, खालची दोरी एका बाजूला, वरची दुसऱ्या बाजूला. डोंगा वरच्या अंगानं निघतो, अर्धवर्तुळ घेत धारेबरोबर खाली येतो आणि दुसरं टोक काठाला आणतो. नव्वद मीटर जाळ्यानं काठाची पन्नास-पंचावन्न मीटर लांबी घेरली जाते. उलट्या दिशेनं, म्हणजे खालून वर, जाळं सोडलं तर धार ते डोंग्याखालीच ढकलते. कोकणात मालवणच्या बाजूला रापण ओढतात ती याच तत्त्वावर : होडीनं समुद्रात वळसा घालून जाळं सोडायचं आणि वाळूवरून दोन रांगांनी दोन्ही टोकं ओढायची. तिथं जाळं कितीतरी मोठं आणि माणसंही तशीच; पण खालची दोरी आधी आणि वरची मागे, हा क्रम तोच.

नदीत खालच्या अंगाचं टोक जरा पुढे ठेवून ओढतात, कारण धार पोट तिकडेच नेते. जागा निवडायची ती डोहाच्या शेपटीला, जिथं खोल पाणी रेतीवर चढतं. तिथं शिवडा आणि वाम हे मासे येतात. रेतीउपशाचे खड्डे असलेल्या काठावर जाळं टाकून उपयोग नाही : दोरी खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खालून सगळं निघतं. शिवाय असा खड्डा वरून दिसत नाही; कमरेच्या पाण्यातून एकदम डोक्यावर पाणी येतं. वर पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण आहे, त्यामुळे पाण्याची पातळी पावसाशिवायही बदलू शकते. काठावर आल्या आल्या ओल्या रेतीत काडी रोवून ठेवतात आणि ओढीच्या मध्ये ती पाहतात. काडी पाण्यात गेली की डोंगा वर घ्यायचा.

गुरुवार, परत पडवीत

ओढीनंतरचा दिवस दुरुस्तीचा. आधी जाळं गोड्या पाण्यात खळखळून गाळ काढायचा. वाळलेला गाळ गाठीत बसला की सूत आतून कापतो. मग सावलीत टांगायचं. सुती जाळं कुजत असे, म्हणून ऐनाच्या किंवा बाभळीच्या सालीच्या उकळत्या काढ्यात बुडवून ठेवत, सालीतलं टॅनिन कूज थोपवायचं. नायलॉन कुजत नाही, पण उन्हानं कडक होऊन तुटतं, आणि उंदरांना मासळीचा वास असलेलं जाळं आवडतं. आढ्याला तारेनं टांगलेलं जाळं टिकतं, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं नाही.

भोक दुरुस्त करताना ते आधी मोठं करावं लागतं. फाटक्या कडेचे सुटे धागे कापून असं करायचं की वरच्या टोकाला एक तीन पदरांची गाठ राहील आणि खालच्या टोकालाही एक. मधल्या सगळ्या गाठींना दोन-दोन पदर. वरच्या तीन पदरांच्या गाठीपासून विणायला घेतलं तर खालच्या तीन पदरांच्या गाठीवर बरोबर संपतं. हे न करता वरवर आवळून गाठ मारली तर त्या जागी जाळं आखडतं आणि पुढच्या ओढीला शेजारचे डोळे जातात. नवं सूत जुन्यापेक्षा जाड घेऊ नये. जाड सूत तुटत नाही, ते भोवतालचं जुनं जाळं फाडतं.

चार बोटांची भोकं चार-पाच ठिकाणी असतील तर दुरुस्ती परवडते. चिमटीत धरून ताणलेलं सूत कडकन तुटत असेल तर तो तुकडा संपला. तो तलावात किंवा नदीत टाकून देऊ नये. नायलॉन तिथं वर्षानुवर्षं पडून राहतं आणि कासवं, पाणसाप, मासे त्यात अडकून मरत राहतात. काठाची दोरी कापून तरंग आणि शिसं काढून घ्यायचं, नळ्या पक्कडीनं उघडून सरळ करायच्या आणि वजनाप्रमाणे दोन डब्यांत ठेवायच्या : बावीस ग्रॅमच्या फेकजाळ्याला, पस्तीसच्या ओढजाळ्याला.